निवृत्तांच्या वसाहतीत सूर मारायला जागा

अमेरिकेतल्या ‘फिफ्टी-फाइव्ह प्लस’ वसाहतींची माहितीपत्रके चाळू लागले की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पोहण्याचा तलाव हटकून भेटतो. त्याची लांबी दिलेली असते, पाणी वर्षभर कोमट ठेवले जाते हे आवर्जून सांगितलेले असते, भोवतीच्या आरामखुर्च्या आणि रंगीत छत्र्या दिसत असतात; नसते ती फक्त खोली. ज्याला दांडी धरून हळूच पायऱ्या उतरायच्या आहेत त्याला ती लागतही नाही. मला ती लागते, कारण मला सूर मारायचा असतो. निवृत्तीनंतर ओहायोतली थंडी सोडून ॲरिझोनात घर घ्यायचे ठरले, तेव्हा माझ्या यादीत पाण्याची खोली ही दवाखाना, वाणसामान आणि विमानतळ यांच्या पंक्तीला बसलेली होती. ती यादी पाहून बायकोने विचारले, “अहो, तुम्ही घर बघताय की विहीर?”

तिला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण आमच्या घराण्याचे विहिरींचे वेड तिने सासरी आल्यापासून सोसलेले आहे. मी सांगलीचा. वाळलेला भोपळा पाठीला बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकलून देणे, ही आमच्याकडची पोहायला शिकवण्याची सर्वमान्य पद्धत होती. भोपळा सुटला की मुटका, मुटका जमला की सूर, आणि सूर खरोखर तळापर्यंत गेला याचा पुरावा म्हणून मुठीत गाळ घेऊन वर यायचे, असा तो अभ्यासक्रम होता. पुढे कृष्णेचे घाट आले. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या घेणारे पट्टीचे पोहणारे सांगलीकरांनी पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत. आम्ही ते कठड्याला टेकून पाहत असू आणि घरी मात्र त्यातले काही सांगत नसू. स्प्रिंगबोर्ड, म्हणजे सूर मारायची लवचीक फळी, ही वस्तू मला पहिल्यांदा भेटली ती शिक्षणासाठी अमेरिकेत आल्यावर, विद्यापीठाच्या तरणतलावात. विहिरीतला सूर हा धाडसाचा भाग होता. फळीवरचा सूर ही मोजमापाची गोष्ट आहे हे तिथे कळले, आणि पेशाने इंजिनिअर असल्यामुळे ते मला मनापासून आवडले.

मोजमाप असे आहे. नुसत्या १ मीटर उंचीवरून पडलेले शरीर पाण्याला ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने भिडते, ३ मीटरवरून ताशी साडेसत्तावीस आणि १० मीटरच्या मनोऱ्यावरून ताशी ५० किलोमीटर वेगाने. फळीने वर उडवले असेल तर त्यात भर पडते. हा वेग पाणी गिळते खरे, परंतु त्याला त्यासाठी खोली लागते, आणि सूर जितका सरळ व स्वच्छ तितका पाण्याचा विरोध कमी, म्हणजे चांगला सूर मारणाऱ्याला उलट जास्त खोली लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ मीटरच्या फळीखाली किमान ३.४ मीटर, ३ मीटरच्या फळीखाली ३.७ मीटर आणि १० मीटरच्या मनोऱ्याखाली ४.५ मीटर पाणी असावे लागते. फळी नसतानाही, नुसत्या काठावरून डोके पुढे करून उडी घ्यायची असेल, तर अमेरिकन रेड क्रॉसचा सल्ला किमान ९ फूट पाण्याचा आहे. निवृत्तांच्या वसाहतीतला नेहमीचा तलाव साडेतीन ते पाच फुटांचा असतो. तिथे सूर मारणे म्हणजे मान मोडून घेण्याचा खात्रीचा मार्ग, आणि काठावर ठळक अक्षरांत लिहिलेली ‘नो डायव्हिंग’ ही सूचना अगदी योग्य असते, हे मी वाद न घालता मान्य करतो.

नुसता खोलीचा आकडा मिळूनही भागत नाही. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या तलावांना एक खोल टोक असते आणि त्यावर आठ किंवा नऊ फूट असा आकडा रंगवलेला असतो, पण ती खोली एका लहानशा खड्ड्यापुरती असते. तिथून तळ उतरणीसारखा वर चढत उथळ भागाकडे जातो. सूर मारणारा सरळ खाली जात नाही, तो पुढेही जातो. त्यामुळे आकडा खड्ड्याचा आणि टक्कर चढणीशी, असा प्रकार होतो. म्हणूनच नियमांत ३ मीटरच्या फळीपुढे ६ मीटर अंतरापर्यंत पाणी ३.६ मीटरपेक्षा उथळ असू नये आणि समोरची भिंत फळीच्या टोकापासून किमान १०.२५ मीटर दूर असावी, अशी कलमे आहेत. वसाहतींच्या कार्यालयांना मी जी पत्रे पाठवली त्यांत सर्वांत खोल ठिकाणी पाणी किती, हा प्रश्न पहिला होता आणि ती खोली किती अंतरापर्यंत टिकते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेकांनी दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्याऐवजी एका ठिकाणच्या बाईंनी मला त्यांच्या पिकलबॉलच्या मैदानांची तपशीलवार माहिती पाठवली.

या वसाहती अशा का बांधल्या गेल्या, हे समजून घेतल्यावर माझा त्यांच्यावरचा राग बराच निवळला. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी फिनिक्सजवळ ‘सन सिटी’ खुली केली, आणि पहिल्या तीन दिवसांत ती पाहायला सुमारे एक लाख माणसे लोटली असे सांगतात. निवृत्त माणसाला आरामखुर्ची नको आहे, त्याला गोल्फ, हस्तव्यवसाय आणि पोहण्याचा तलाव हवा आहे, ही त्या प्रकल्पामागची कल्पना त्या काळी नवीच होती. त्या दशकांत साध्या मोटेललासुद्धा डायव्हिंग बोर्ड असे. पुढे अपघातांचे खटले झाले, विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले किंवा विमा द्यायचेच नाकारले, आणि फळ्या एकामागून एक उतरवल्या गेल्या. १९९५ च्या कायद्याने अशा वसाहतींसाठी, किमान ८० टक्के घरांत निदान एक व्यक्ती ५५ किंवा त्याहून अधिक वर्षांची असावी, हा निकष पक्का केला आणि या व्यवसायाला आणखी बळ आले; परंतु तोवर नव्या तलावाचा आराखडा उथळ, रुंद आणि समुद्रकिनाऱ्यासारखा उतरत्या काठाचा होऊन बसला होता. शिवाय अशा पुष्कळ तलावांवर जीवरक्षक नसतो; स्वतःच्या जबाबदारीवर पोहा अशी पाटी असते. जीवरक्षकावाचून खोल पाणी ठेवायला कोणते व्यवस्थापन तयार होईल? मी त्यांच्या जागी असतो तरी झालो नसतो.

एका ठिकाणी मात्र विक्री प्रतिनिधीने दिलेले कारण मला पटले नाही. खोल तलावाचे पाणी तापवणे परवडत नाही, असे तो तरुण मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला. मी घरी येऊन आकडेमोड केली. २३ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात सुमारे ३६० घनमीटर पाणी मावते. तर २३ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि ४ मीटर खोल टाकीत साडेसोळाशे घनमीटरच्या वर. पहिले पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४२० युनिट वीज लागेल, दुसऱ्याला एकोणीसशेच्या वर. इथवर तो तरुण बरोबर आहे. परंतु एकदा तापलेल्या पाण्यातली उष्णता जाते ती मुख्यतः पृष्ठभागावरून, बाष्पीभवनाने, आणि तळ कितीही खाली नेला तरी पृष्ठभाग तेवढाच राहतो. म्हणजे रोजचा तापवण्याचा खर्च खोलीवर फारसा अवलंबून नाही. उलट खोल पाण्याचे तापमान एका थंड रात्रीत कमी उतरते. खरा खर्च सगळे पाणी ठरावीक तासांत गाळून फिरवण्याचा, रसायनांचा, जीवरक्षकाच्या पगाराचा आणि विम्याचा असतो. हे मी त्याला लिहून कळवले. त्याने आभार मानले आणि पुन्हा कधी फोन केला नाही.

आता वयाविषयी, कारण हा लेख वाचणाऱ्या समवयस्कांच्या मनात तोच प्रश्न असेल आणि त्यांच्या मुलांच्या मनात तर नक्कीच असेल. उथळ पाण्यातल्या सुराने होणारी इजा बहुधा मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी होते आणि तिचे बळी प्रामुख्याने तरुण पुरुष असतात, ज्यांना तळ किती लांब आहे हे पाहण्याची गरज वाटत नाही. साठीनंतरची गोष्ट निराळी आहे. माझ्या डॉक्टरांनी मानेचे चित्र पडद्यावर लावून दाखवले: वयाबरोबर मणक्यांच्या कडांना हाड वाढते आणि मज्जारज्जूची वाट अरुंद होते. अशा मानेला मागे जोराचा झटका बसला, तर एकही हाड न मोडता मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि त्या प्रकारात पायांपेक्षा हात अधिक दुबळे पडतात. माझी वाट अजून पुरेशी रुंद निघाली. मग हाडांच्या घनतेची तपासणी झाली. खांदे पाहिले गेले, कारण सुरात पाण्याचा पहिला मार हात घेतात आणि तो मनगटातून खांद्याच्या स्नायूंत जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा नीट तपासला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी सांगेपर्यंत पाण्याकडे फिरकायचे नाही अशी तंबी दिली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मी हा नादच सोडून द्या म्हणेन, पण त्याबाबत माझ्यापेक्षा स्वतःच्या डॉक्टरांचे ऐकावे.

कानाचे एक वेगळेच प्रकरण आहे. चार मीटर खाली गेले की कानाच्या पडद्यावरचा दाब पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. सर्दी झालेली असताना खोल पाण्यात जाणे वेडेपणाचे आहे. या संदर्भात मला नेहमी सॅमी ली आठवतात. कोरियन वंशाचे हे अमेरिकी डायव्हर १९४८ आणि १९५२ अशा लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये मनोऱ्यावरच्या डायव्हिंगचे सुवर्णपदक जिंकले, आणि पेशाने ते कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलपणी पॅसाडेनातला सार्वजनिक तलाव गोऱ्येतरांना आठवड्यातून एकच दिवस खुला असे, म्हणून उरलेल्या दिवसांत ते वाळूच्या खड्ड्यात उड्या मारून सराव करीत. खोल पाणी कोणाला मिळावे आणि कोणाला नाही, हा प्रश्न अमेरिकेत आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या हौसेपेक्षा पुष्कळ जुना आणि पुष्कळ गंभीर आहे. ली पुढे ९६ वर्षे जगले.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो, ज्याचा उल्लेख कोणताही डॉक्टर करीत नाही: या वयात फळीपेक्षा शिडी धोक्याची. ओले पाय, लोखंडी पायऱ्या, वर गेल्यावर क्षणभर येणारी भोवळ, ही खरी पडण्याची ठिकाणे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने वर पोहोचल्यावर दांडा धरून काही श्वास घ्यावेत आणि मगच फळीवर चालावे. मागे उभी असलेली शाळकरी पोरे चुळबुळ करतात. करू द्यावी.

शोधाच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लगुना वुड्सची माहिती वाचून मला हुरूप आला होता. १९६४ मध्ये ‘लेझर वर्ल्ड’ या नावाने सुरू झालेल्या या निवृत्तांच्या वसाहतीत ‘ॲक्वाडेट्स’ नावाचा वृद्ध स्त्रियांचा गट कित्येक दशके जलनृत्य बसवीत आला आहे. टोप्या आणि पोशाख घालून, संगीताच्या ठेक्यावर, पाण्यात उलट्या होऊन पाय वर काढणाऱ्या सत्तरीतल्या बायका पाहिल्यावर, म्हाताऱ्या माणसांना खोल पाणी नको असते हे विधान कोणी करू धजणार नाही. परंतु तिथल्या घरांच्या किमती कॅलिफोर्नियाच्या होत्या, आणि जलनृत्याला लागणारे पाणी वेगळे, फळीला लागणारे वेगळे.

अखेर उत्तर सापडले ते प्रश्न बदलल्यावर. वसाहतीच्या फाटकाच्या आत खोल तलाव शोधणे मी सोडून दिले आणि ज्या गावात तसा सार्वजनिक तलाव आहे त्या गावात वसाहत शोधू लागलो. डायव्हिंगची स्वतंत्र टाकी सांभाळणे विद्यापीठांना, नगरपालिकांना आणि थोड्याफार मोठ्या संस्थांनाच जमते, कारण त्यांच्याकडे शालेय संघ असतात, स्पर्धा असतात आणि जीवरक्षक तर असतातच. ॲरिझोनात असे पाहिले की नकाशा एकदम बोलका होतो. टेम्पीत राज्य विद्यापीठाच्या तलावाला १० मीटरचा मनोरा आहे. टूसॉनमध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या हिलेनब्रँड तलावाला डायव्हिंगची टाकी आहे, पण विद्यापीठांच्या तलावांवर पहिला हक्क त्यांच्या खेळाडूंचा असतो. टूसॉनच्या उत्तरेला, सांता कातालिना डोंगरांच्या पायथ्याशी, ओरो व्हॅली नावाचे गाव आहे. तिथे २०१३ मध्ये नूतनीकरण होऊन खुला झालेला नगरपालिकेचा ५० मीटरचा तलाव आहे, त्याला फळ्या आहेत, आणि त्याच गावात डेल वेबच्याच कंपनीने ऐंशीच्या दशकात वसवलेली ‘सन सिटी व्हिस्टोसो’ ही निवृत्तांची वसाहतही आहे. घर आणि फळी यांच्यात मोटारीने थोडेसेच अंतर. बायकोच्या यादीतला दवाखाना आणि वाणसामानही त्याच रस्त्यावर निघाले, तेव्हा तिने विहिरीचा विषय पुन्हा काढला नाही.

सार्वजनिक तलावावर जाण्याआधी चौकशी बारकाईने करावी लागते. फळ्या सगळा दिवस खुल्या नसतात. शाळांच्या संघांचा सराव, पोहण्याचे वर्ग आणि ऋतू यांनुसार वेळा बदलतात. टूसॉनकडे १५ जून ते ३० सप्टेंबर हा मॉन्सूनचा अधिकृत हंगाम मानला जातो, आणि दुपारी डोंगरामागे गडगडाट ऐकू आला की शिट्टी वाजते, सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही आत सोडत नाहीत. सांगलीत पाऊस सुरू झाला की आम्ही पाण्याकडे धावत असू, हे इथल्या जीवरक्षक मुलीला सांगून उपयोग नसतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळच बरी.

फळी स्वतः पाहण्यासारखी असते. ॲल्युमिनियमची, सोळा फूट लांब, वीस इंच रुंद, वरचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत. मध्यावर एक दातेरी चाक असते. ते पायाने पुढे-मागे फिरवले की फळीखालचा टेकू सरकतो आणि फळी ताठ किंवा लवचीक होते. तरुण मुले टेकू मागे नेतात, म्हणजे फळी खूप वाकते आणि वर फेकते. मी तो पुढे आणून ठेवतो. ताठ फळी कमी उडवते, आणि तेवढेच मला पुरते. स्पर्धेच्या टाकीत फळीखालच्या पाण्यावर नळीने बारीक फवारा सोडलेला असतो, कारण अगदी निवळ पाण्यात पृष्ठभाग कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळत नाही. तरंग उठले की कळते. पाण्यात शिरताना एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे पकडून तळवा पाण्याकडे सपाट करायचा, म्हणजे हात आधी पाण्यात भोक पाडतात आणि डोके त्या भोकातून मागोमाग जाते. विहिरीत आम्ही बोटे जुळवून टोक करीत असू. ते दिसायला छान, पण त्यात डोक्याचे रक्षण कमी होते.

कोलांट्या मी आता मारत नाही, गिरक्याही नाहीत. १ मीटरच्या फळीवरून साधा पुढचा सूर आणि पाय खाली ठेवून सरळ उडी, एवढ्यावर काम भागते. आंतरराष्ट्रीय मास्टर्स स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि ऐंशीच्या पुढचेही गट आहेत, तेव्हा माझ्यापेक्षा पुष्कळ वयस्कर माणसे यापेक्षा पुष्कळ अवघड गोष्टी करतात, हे मला ठाऊक आहे. मला कोणाशी स्पर्धा करायची नाही.

वसाहती बांधणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यासारखा एक मुद्दा मात्र राहतो. खोल पाण्याचा उपयोग सूर मारण्यापुरता नाही. कमरेला तरंगणारा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता, उभ्याने पाण्यात धावण्याचा व्यायाम असतो. त्यात गुडघ्यांवर आणि घोट्यांवर अजिबात भार येत नाही, आणि ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना दम लागेपर्यंत हालचाल करण्याचा याहून सुखाचा मार्ग मला माहीत नाही. त्यासाठी साधारण सात फूट पाणी पुरते. फळी नको असेल तर लावू नका, ‘नो डायव्हिंग’ची पाटीही ठेवा, पण सगळा तलाव साडेचार फुटांत संपवू नका. संधिवाताच्या तक्रारींनी भरलेल्या वसाहतीत हा व्यायाम करायला जागाच नसावी, ही मला आराखड्यातली ढोबळ चूक वाटते. बायको आठवड्यातून दोनदा या पट्ट्याच्या वर्गाला जाते, त्याच सार्वजनिक तलावात, पण मी फळीवर असताना माझ्याकडे पाहायचे नाही या अटीवर. अट तिची आहे.

पुण्याला परतून ज्येष्ठांसाठीच्या एखाद्या प्रकल्पात घर घेण्याच्या विचारात असलेल्या माझ्या एका मित्रानेही मध्यंतरी हाच प्रश्न विचारला. क्लबहाउसच्या तलावाचे फोटो त्याने पाठवले होते. ते मी उघडूनही पाहिले नाहीत. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेली डायव्हिंगची टाकी आहे. ती बाहेरच्या माणसांना कधी वापरू देतात याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी कर आणि त्यानंतरच बाणेर घ्यायचे की कोथरूड ते ठरव, असे मी त्याला कळवले. घर त्याने अजून घेतलेले नाही. मानेचा एमआरआय मात्र करून घेतला आहे.